पंधरा मिनिटांचे प्रास्ताविक आणि सात प्रेक्षक

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाची कार्यवाह आहे. गावातल्याच पण आता मुंबईला स्थायिक झालेल्या एका कुटुंबाने दिलेल्या देणगीतून आम्ही प्रोजेक्टर घेतला आणि दर पंधरा दिवसांनी शनिवारी संध्याकाळी मुलांसाठी साहसपट आणि विज्ञानविषयक माहितीपट दाखवायला सुरुवात केली. पहिल्या खेळाला ऐंशी मुले आली, दुसऱ्याला तीस, आणि चौथ्याला सात, त्यांतली दोन माझ्या घरची. फलकावर मी ‘ऑस्करविजेता’, ‘ज्ञानवर्धक’ असे ठळक अक्षरांत लिहिते आणि खेळ सुरू होण्यापूर्वी दिग्दर्शक, पारितोषिके, चित्रपटाचे महत्त्व यांवर पंधरा मिनिटे बोलते. पालकांचे दोनच प्रश्न असतात : ‘इंग्रजी आहे, पोरांना काय कळणार?’ आणि ‘याचा अभ्यासाला उपयोग काय?’ ज्यांनी असे काही कधी पाहिलेले नाही, त्यांना या चित्रपटांची ओळख नेमकी कशी करून द्यावी?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मला माझाच एक जुना फजितीचा प्रसंग आठवला. अनेक वर्षांपूर्वी एका शाळेत एका गिर्यारोहणावरील चित्रपटाची ओळख करून देण्यासाठी मला बोलावले होते. उत्साहाच्या भरात मी कडा किती उंच होता, वादळ केव्हा आले, दोर कसा कापला गेला आणि जखमी गिर्यारोहक रांगत रांगत तळावर कसा पोहोचला, हे सगळे रंगवून सांगितले. मुले श्वास रोखून ऐकत होती, त्यामुळे मी मनातून खूश होतो. दिवे मालवण्याच्या बेतात असताना पहिल्या ओळीतला एक मुलगा उठला आणि अगदी निरागसपणे म्हणाला, “सर, आता पिक्चर बघायचा राहिला का?” त्या दिवसापासून मी कोणत्याही चित्रपटाआधी पाच मिनिटांहून अधिक बोलत नाही आणि शेवट तर सांगतच नाही.

तुमची चूक माझ्यासारखी नाही. ती उलट्या बाजूची आहे. तुम्ही गोष्ट फोडत नाही, तुम्ही प्रशस्तिपत्रक वाचता. आपल्याकडे कोणत्याही समारंभात प्रमुख पाहुण्यांचा परिचय ज्या पद्धतीने करून दिला जातो, त्याच पद्धतीने आपण चित्रपटाचाही परिचय करून देतो, आणि तो परिचय चालू असताना श्रोते काय करत असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. दहा वर्षांच्या मुलाला ऑस्कर म्हणजे काय हे ठाऊक नसते. ‘ज्ञानवर्धक’ हा शब्द तर त्याने औषधाच्या बाटलीवरच्या ‘शक्तिवर्धक’ या शब्दाच्या शेजारी ठेवलेला असतो. प्रेक्षकाला चित्रपट किती थोर आहे हे ऐकायचे नसते. पडद्यावर काय शोधायचे, एवढी एकच गोष्ट त्याच्या हातात द्या आणि बाजूला व्हा.

या कामात आपले पहिले गुरू खुद्द दादासाहेब फाळके आहेत, असे माझे मत आहे. त्यांना चित्रपटाचे वेड लागले ते गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून, ही गोष्ट आपण सगळेच सांगतो. पण त्याच्या आदल्या दिवशी काय घडले ते सहसा कोणी सांगत नाही. त्या दिवशी फाळके आपल्या थोरल्या मुलाला, भालचंद्रला, घेऊन त्याच चित्रपटगृहात प्राण्यांवरचा एक चित्रपट पाहायला गेले होते. पोराने घरी येऊन आईला सांगितले की पडद्यावर प्राणी हलतात, चालतात. घरात कोणाचाच विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या कुटुंबाला घेऊन फाळके पुन्हा गेले, आणि ईस्टरचे दिवस असल्यामुळे त्या दिवशी ख्रिस्तावरचा चित्रपट लागला होता. म्हणजे फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांना चित्रपटापर्यंत आणले ते एका मुलाने घरी येऊन सांगितलेल्या, विश्वास बसू नये अशा एका वाक्याने. तुमच्या सात प्रेक्षकांपैकी एकाने जरी घरी जाऊन असे एखादे वाक्य सांगितले, तरी फलक रंगवायची गरज पडणार नाही.

पुढची गोष्ट तुमच्या विषयाच्या आणखी जवळची आहे. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन परतल्यावर फाळक्यांना भांडवल हवे होते, आणि चित्रपट नावाचा धंदा ज्यांनी पाहिलेलाच नाही त्यांच्याकडून ते मिळवायचे होते. त्यांनी व्याख्यान दिले नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चौकट (फ्रेम) टिपत राहिले. त्यातून ‘अंकुराची वाढ’ ही जेमतेम मिनिटभराची फिल्म तयार झाली : माती दुभंगते, कोंब वर येतो, वेल चढते. ती पाहून पैसे लावणारे पुढे आले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर झळकला. आपल्या चित्रपटसृष्टीचा पाया ज्या तुकड्याने घातला गेला तो एक छोटासा विज्ञानपट होता. विज्ञानपट रुक्ष असतात असे कोणी म्हणाले की मला या वाटाण्याची आठवण होते.

तिसरी गोष्ट जाहिरातीची. ‘राजा हरिश्चंद्र’ सुरतेला गेला तेव्हा तिथल्या प्रेक्षकांना थोड्या पैशांत रात्र रात्र चालणारी नाटके पाहायची सवय होती. तास-दीड तासाच्या खेळाला कोण येणार? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली, तिचा आशय असा : ५७ हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सगळे फक्त तीन आण्यांत. त्यात ना पारितोषिक आहे, ना उपदेश; आहे तो डोळे विस्फारायला लावणारा आकडा, आणि लोक लोटले. मात्र एक हिशेब मी गंमत म्हणून करून पाहिला. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात, त्यामुळे ५७ हजार चौकटींची फिल्म साडेतीन हजार फुटांच्या आसपास जाते, म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. हरिश्चंद्राच्या, सत्यवचनी राजाच्या जाहिरातीत दोन मैल! फाळक्यांना ते शोभले. विज्ञानपट दाखवणाऱ्या वाचनालयाला शोभणार नाही. आकडा अवश्य द्या, तो मोठा असावा, पण खरा असावा, कारण उद्या एखादे चुणचुणीत पोर असाच हिशेब मांडून तुमच्यासमोर उभे राहील. (तसे झाले तर त्या पोराला पहिल्या रांगेत कायमची जागा द्या.)

आता प्रत्यक्ष काय दाखवावे आणि काय सांगावे, त्याकडे वळतो. साहसपट हे आमिष आणि विज्ञानपट हा काढा, अशी वाटणी तुम्ही मनात केलेली दिसते. ती सोडा. साहसपट पाहताना प्रेक्षक विचारतो, ‘हे वाचतील का?’ आणि त्या प्रश्नाच्या पोटातच दुसरा प्रश्न असतो, ‘वाचतील ते कसे?’ हा ‘कसे’ ज्या क्षणी मुलाच्या तोंडून येतो, त्या क्षणी ते माहितीपटासाठी तयार झालेले असते. म्हणून जोड्या लावा. एका शनिवारी साहसपट, आणि पुढच्या खेळाला त्याच प्रश्नाचा माहितीपट.

माझ्या अनुभवात सर्वांत चांगली वठलेली जोडी अंतराळाची आहे. ‘अपोलो १३’ हा १९९५ चा चित्रपट घडलेल्या घटनेवर आधारलेला आहे : एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या यानातील प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला आणि तीन अंतराळवीरांना चंद्रावर उतरण्यासाठी बनवलेल्या छोट्या यानाचा आसरा घ्यावा लागला. ते यान दोघांना सुमारे दोन दिवस पुरेल असे बनवलेले होते, आणि आता त्यात तिघांना सुमारे चार दिवस काढायचे होते. उच्छ्वासातला कार्बन डायॉक्साइड शोषून घेणारे डबे मुख्य यानात चौकोनी होते आणि छोट्या यानातली त्यांची जागा गोल. चौकोनी डबा गोल भोकात बसवला नाही तर माणसे गुदमरणार. आणि बसवायचा तो यानात जे सामान आहे तेवढ्याच सामानातून.

हा चित्रपट मी दाखवतो तेव्हा प्रास्ताविक करत नाही. टेबलावर पाच वस्तू मांडतो : एक चौकोनी डबा, तोंड गोल असलेला पाण्याचा एक पाइप, प्लास्टिकची पिशवी, जुन्या फाइलचा पुठ्ठा आणि चिकटपट्टीचे एक रीळ. मग एवढेच सांगतो की पडद्यावरच्या माणसांकडे साधारण असेच सामान आहे, त्यांना या डब्यातून गाळलेली हवा त्या पाइपातून खेचायची आहे, आणि तुमच्यातले कोणी पाच मिनिटांत हे जमवून दाखवील का? एकदा सहावीतल्या एका मुलीने पिशवी डब्यावर उलटी ओढली, पुठ्ठ्याची पट्टी कापून ती आत सरळ रेटली, म्हणजे हवा ओढताना पिशवी चिकटून बसू नये, आणि मग पिशवीच्या कोपऱ्याला भोक पाडून त्यात पाइप घुसवून तो चिकटपट्टीने गुंडाळला. वेळ संपली होती, पट्टी सुटत होती, पोरे ओरडत होती. तेवढ्यात मी दिवे मालवले. तो चित्रपट दोन तासांहून मोठा आहे आणि मुलांना त्यातले निम्मे संवाद कळले नसतील. पण पडद्यावरच्या अभियंत्यांनी टेबलावर सामान ओतले, तेव्हा वर्गात जी शांतता पसरली ती मी कुठल्याही भाषणाने आणू शकलो नसतो. खेळ संपल्यावर ‘ते तरंगत कसे होते?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर खरे आणि चटकदार आहे : ती दृश्ये आकाशात वरखाली झेपा घेणाऱ्या खऱ्या विमानात चित्रित केली होती, आणि प्रत्येक झेपेत वजनरहित अवस्था जेमतेम वीस-पंचवीस सेकंद मिळत असे.

त्यानंतरच्या खेळाला ‘अपोलो ११’ हा २०१९ चा माहितीपट लावा. त्यात निवेदक नाही आणि मुलाखती नाहीत. जवळजवळ सगळी दृश्ये १९६९ मधली, तेव्हाच टिपलेली आहेत. एरवी असा माहितीपट पाहताना मुले चुळबुळतात. इथे त्यांना एकच काम द्या : चंद्रावर उतरतानाच्या गोंधळात ‘ट्वेल्व्ह-ओ-टू’ हा आकडा कानावर पडेल, तो पकडायचा. तो यानावरच्या संगणकाने दिलेला इशारा होता, आपल्यावर झेपेपेक्षा जास्त काम पडले आहे असा. त्याचा अर्थ आधी सांगू नका, नंतर सांगा. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरताना शाळेत किंवा घरी श्वास रोखून बसलेली मुले तुमच्या प्रेक्षकांत नक्कीच असतील. त्या आठवणीचा धागा त्यांना जोडून द्या.

दुसरी एक जोडी नदीकाठच्या गावाला अधिक मानवेल. १९४७ मध्ये नॉर्वेचा संशोधक थॉर हेयरदाल आणि त्याचे पाच सोबती बाल्सा लाकडाच्या नऊ ओंडक्यांच्या तराफ्यावरून दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनाऱ्यावरून निघाले आणि १०१ दिवसांनी पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशिया या बेटसमूहातील एका प्रवाळबेटाच्या कडेवर आदळले. तराफ्यात एकही खिळा नव्हता. ओंडके नुसत्या दोरांनी बांधलेले होते. ‘कॉन-टिकी’ या नावाचे दोन चित्रपट आहेत : त्याने स्वतः प्रवासात घेतलेल्या दृश्यांचा १९५० चा माहितीपट, आणि २०१२ चा कथापट. या खेळाआधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बोलवा, ज्याने तरुणपणी सांगडीवरून नदी पार केली असेल, आणि त्याला मुलांसमोर दोन लाकडे नुसत्या सुंभाने बांधायला लावा. गाठ ओली झाली की आवळते की सैल होते, हा वाद त्याच्याशी मुलांनीच घालावा. हेयरदालच्या तराफ्याचे दोर लाटांनी घासून तुटतील असे जाणकार सांगत होते. प्रत्यक्षात ते मऊ लाकडात रुतून बसले आणि सुरक्षित राहिले. आजोबांचा अंदाज काय होता ते खेळ संपल्यावर पाहा.

याच जोडीतून आणखी एक गोष्ट कळते, आणि ती मी मुलांपासून लपवत नाही. कथापटात तराफ्यावरचा एक अभियंता घाबरट दाखवला आहे. खरा माणूस तसा नव्हता. आणि ज्या सिद्धांतासाठी हे साहस केले, की पॉलिनेशियात पहिली वस्ती दक्षिण अमेरिकेतून आलेल्या लोकांनी केली, तो संशोधकांनी स्वीकारला नाही. भाषा, पुरातत्त्व आणि जनुके यांचा पुरावा वस्ती पश्चिमेकडून, आशियाच्या बाजूने, आल्याचे सांगतो. साहस अस्सल होते, अनुमान चुकले. अर्थात माहितीपट म्हणजे सत्यच, असेही मुलांना सांगू नका. १९५८ मध्ये एका नामांकित अमेरिकी वन्यजीवपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून स्वतःहून उड्या घेताना दाखवले गेले; ते दृश्य माणसांनी घडवून आणले होते, हे पुढे उघड झाले. त्या चित्रपटाला ऑस्करही मिळाले होते, म्हणून तुमच्या फलकावरचा तो शब्द मला विशेष भरवशाचा वाटत नाही.

गिर्यारोहणाचे चित्रपट दाखवताना मात्र जपा. ‘फ्री सोलो’ या माहितीपटात अ‍ॅलेक्स होनोल्ड हा गिर्यारोहक अमेरिकेतला एल कॅपिटन हा सुमारे ३,००० फुटांचा कडा दोराशिवाय चढतो. ही उंची दुबईतल्या बुर्ज खलिफा या गगनचुंबी इमारतीपेक्षा जास्त आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या मुलांना कडा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही, आणि काळजी नेमकी त्याचीच आहे. त्याने त्याआधी दोर बांधून तो मार्ग किती वेळा, किती महिने घोटवला होता, हे आधी सांगा. आणि पाहण्यासाठी एकच गोष्ट द्या : चढाईच्या वेळी खाली उभ्या असलेल्या एका छायाचित्रकाराकडे लक्ष ठेवा. तो कॅमेरा चालू ठेवून स्वतः मान फिरवतो, त्याला पाहवत नाही. ज्या माणसाला चढणाऱ्याची तयारी पूर्ण ठाऊक आहे त्यालाही पाहवत नाही, हे दृश्य मोबाइल हातात घेऊन कड्याच्या टोकावर उभ्या राहणाऱ्या पोरांना माझ्या-तुमच्या उपदेशापेक्षा अधिक सांगून जाईल.

भाषेची अडचण खरी आहे, पण ती वाटते तेवढी मोठी नाही. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभे राहून प्रसंग समजावून सांगणारा माणूस असे. ती प्रथा पुन्हा आणायला हरकत नाही. महाविद्यालयात शिकणाऱ्या गावातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला चित्रपट आधी दोनदा पाहायला सांगा, आणि पहिली दहा मिनिटे आवाज कमी ठेवून त्यांना मराठीत सांगू द्या : हा कोण, ती कोण, काय बिघडले आहे. नंतर त्यांनी गप्प बसायचे. अखंड बोलणारा निवेदक इंग्रजीपेक्षा वाईट. शिवाय सुरुवात अशा छोट्या पटांनी करा ज्यांत भाषा जवळपास लागतच नाही. जाँ पाँलव्हे या फ्रेंच दिग्दर्शकाचा समुद्रघोड्यावरचा १९३४ चा लघुपट त्यासाठी उत्तम आहे. त्याआधी फक्त एक प्रश्न विचारायचा, ‘बाळंतपण बापाचे असते असा प्राणी कोणता?’ आणि हशा ओसरला की दिवे मालवायचे.

पालकांच्या ‘अभ्यासाला उपयोग काय’ या प्रश्नावर गुण वाढतील असे आश्वासन देऊ नका. ते खोटे ठरले की पोरांचे येणे बंद होईल. त्याऐवजी पालकांनाच कामाला लावा. सुंभ बांधणारे आजोबा, वेल्डिंगचे दुकान चालवणारे वडील, रोपवाटिका सांभाळणारी आई यांना खेळाआधीची पाच मिनिटे द्या. ज्या घरातला माणूस समोर उभा राहिला आहे, त्या घरातून ‘काय कळणार’ हा प्रश्न पुन्हा येत नाही. परवानगीचेही पाहून घ्या : घरी पाहण्यासाठी घेतलेली वर्गणी सार्वजनिक खेळाला चालत नाही, तेव्हा हक्कधारकाची लेखी परवानगी मागवा.

पुढच्या खेळाला पंधरा दिवस आहेत, तेव्हा एक काम आजच सुरू करा. वाचनालयाच्या दारात, सगळ्यांना दिसेल अशा जागी, एका कुंडीत वालाचे चार दाणे पेरा आणि समोर एका स्टुलावर मोबाइल टेकवण्यासाठी विटेचा आधार करा. स्टुलाच्या चारही पायांभोवती फरशीवर खडूने वर्तुळे काढा, कारण स्टूल बोटभर जरी सरकले तरी चित्र उडी मारते. सकाळ, दुपार, संध्याकाळ, दर वेळी एकेक फोटो; पाळी मुलांची, नावे भिंतीवर. कुंडीला ऊन एकाच बाजूने मिळत असेल तर कोंब तिकडे मान वळवील, आणि ती वळताना दिसावी म्हणून मागे पांढरा कागद चिकटवा. पंधरा दिवसांत जेमतेम पन्नास फोटो होतील, म्हणजे पाच-सहा सेकंदांची फिल्म. खेळाच्या दिवशी फलकावर ‘ऑस्करविजेता’ लिहू नका. ‘पंधरा दिवस सहा सेकंदांत, छायाचित्रण : इयत्ता पाचवी ते सातवी’ एवढेच लिहा, आणि मुख्य चित्रपटाआधी ती फिल्म तीनदा लावा, कारण पहिल्या दोन वेळा मुले नुसती ओरडत असतील.